हिवाळ्यातलं माल्टा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी नोव्हेंबर ते मार्च या काळात जमेल तशी माल्टाला जाते. परत आले की फोनवर प्रश्न सुरू होतात. नात्यातले लोक, मैत्रिणींच्या मैत्रिणी, युरोपात नोकरीला असलेली मुलं, सगळे साधारण तेच विचारतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर.

१. समुद्रात उतरता येणार नाही, तर हिवाळ्यात माल्टाला जाण्यात काय अर्थ?

माल्टा म्हणजे ३१६ चौरस किलोमीटरचा देश. एवढ्याशा जागेत पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी मंदिरं, फिनिशियन, रोमन, अरब, नाइट (कोण, ते प्रश्न ८ मध्ये), फ्रेंच आणि इंग्रज असे सगळे एकावर एक रचून ठेवले आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये यातलं काही धड बघता येत नाही. ऊन डोक्यावर, दगड तापलेला, रांगा लांब आणि निम्मं लक्ष समुद्राकडे. डिसेंबरात तुम्ही राजधानी व्हॅलेटाच्या तटावर तासभर उभे राहा, कोणी धक्का देत नाही. मंदिरातला पहारेकरी स्वतःहून बोलायला येतो, कारण त्यालाही वेळ असतो.

आणि बेट हिरवं असतं, हे फार कमी लोकांना माहीत आहे. उन्हाळ्यात माल्टा करपून तपकिरी होतं. ऑक्टोबरच्या पावसानंतर शेतं भरतात आणि जानेवारीपासून बांधाबांधावर पिवळी फुलं येतात, आपल्या आंबुशीच्या कुळातली. शेतांमधले बांध चुन्यामातीशिवाय नुसते दगडावर दगड रचून केलेले, थेट कोकणातल्या गडग्यांसारखे. माझ्यासाठी माल्टाचा खरा हंगाम हाच.

२. थंडी किती असते? कपडे काय न्यावेत?

जानेवारी-फेब्रुवारीत दिवसा १५-१६ अंश, रात्री ९-१० अंश. बर्फ नाही. पुणे-नाशिककरांना आकडे ऐकून काहीच वाटत नाही, आणि तिथेच फसगत होते.

थंडी बाहेर नसते, घरात असते. माल्टाची घरं मऊ, मधाच्या रंगाच्या चुनखडीची. उन्हाळ्यात ती गार राहावीत म्हणून बांधलेली, त्यामुळे हिवाळ्यात ओल धरतात. घर गरम ठेवायची सोय बऱ्याच ठिकाणी नसते. पहिल्या वर्षी मी जुन्या शहरातली एक सुंदर खोली घेतली होती, उंच छत, नक्षीदार फरशी. तीन रात्री स्वेटर घालून झोपले आणि धुतलेले मोजे चौथ्या दिवशीही ओलेच होते. तेव्हापासून खोली घेताना मी एकच प्रश्न विचारते: "हीटर आहे का, आणि त्याचे वेगळे पैसे लागतात का?"

कपडे थरांचे न्या. वारा अडवणारं जाकीट हवंच. छत्री नको, वाऱ्यात उलटते. बुटांचे तळवे मात्र चांगले धरणारे हवेत (का, ते प्रश्न १३ मध्ये).

३. किती दिवस ठेवावेत?

इतिहासासाठी जायचं असेल तर सात. पाचात धावपळ होते. डिसेंबरात पाचच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे उन्हाळ्यात एका दिवसात बसणारं काम हिवाळ्यात दीड दिवस घेतं. शिवाय एक दिवस वादळासाठी हातचा ठेवा.

४. व्हिसा, विमान, बस, पैसे?

माल्टा शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि चलन युरो. मुंबईहून बहुतेक जण आखातात, इस्तंबूलला किंवा युरोपातल्या एखाद्या शहरात विमान बदलतात. हिवाळ्यात घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. गाड्या डाव्या बाजूने चालतात आणि प्लग इंग्लंडसारखे तीन चौकोनी पिनांचे, दोन्ही इंग्रजांची देणगी. बस सगळीकडे जाते, पण वेळापत्रकावर भिस्त ठेवून पुढची वेळ गाठायची असेल तर अर्धा तास आधी निघा. इंग्रजी ही राज्यभाषांपैकी एक आहे, त्यामुळे बोलण्याची अडचण कुठेच येत नाही.

५. तिथली मंदिरं पिरॅमिडपेक्षा जुनी आहेत, हे खरं का?

खरं आहे. गोझो या शेजारच्या लहान बेटावरचं ज्गांतिया इ. स. पू. ३६०० च्या सुमाराचं. गिझाचा मोठा पिरॅमिड त्यानंतर हजारएक वर्षांनी झाला. ज्गांतिया म्हणजे राक्षसिणीचं. एवढे धोंडे माणसाने उचलले असतील यावर गावकऱ्यांचा विश्वास बसेना, म्हणून एका राक्षसिणीने ते वाहून आणले अशी कथा झाली. आपल्याकडे लेण्यांना पांडवांनी एका रात्रीत खोदल्याचं सांगतात, तसंच.

मुख्य बेटावर हाजर ईम आणि म्नायद्रा एकमेकांपासून चालत दहा मिनिटांवर, समुद्राकडे उतरणाऱ्या उतारावर आहेत. हाजर ईममधला एक दगड सुमारे २० टनांचा आहे. वारापाऊस लागून झीज होऊ नये म्हणून २००९ पासून दोन्हींवर मोठं पांढरं छत उभारलंय. फोटोत ते खटकतं अशी तक्रार मी पुष्कळ ऐकली, पण जवळ जाऊन दगडाला पडलेली भोकं आणि सुटलेले पापुद्रे पाहिले की ते छत हवंच हे पटतं.

तार्शीनचं मंदिर वस्तीत आहे. शेतकऱ्याच्या नांगराला दगड लागले, तिथून शोध सुरू झाला आणि १९१५ पासून थेमिस्टोक्लीस झामित यांनी उत्खनन केलं. तिथे दगडी गोळे पडलेले दिसतील. मोठे धोंडे यांच्यावरून सरकवले असावेत असं मानतात. कोरीव दगड आणि मूर्ती मात्र व्हॅलेटाच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात हलवल्या आहेत, म्हणून आधी संग्रहालय आणि मग मंदिरं, हा क्रम ठेवा.

६. हायपोजियमचं तिकीट मिळतच नाही. काय करू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. हाल सफ्लिएनी हायपोजियम हे जमिनीखाली खडकात कोरलेलं तीन मजली दफनस्थान. १९०२ मध्ये पाओला गावात घरं बांधताना सापडलं. जवळजवळ ७,००० माणसांचे अवशेष तिथे होते असा अंदाज आहे. श्वासातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांनी छतावरची गेरूची चित्रं खराब होतात, म्हणून एका वेळी फक्त १० जणांना सोडतात. त्यामुळे तिकीट दोन-तीन महिने आधी, विमानाच्याही आधी काढा. हिवाळ्यात तारखा थोड्या लवकर मिळतात, एवढाच फायदा. थोडी तिकिटं आयत्या वेळी जास्त दराने विकतात. ती हवी असतील तर पोहोचल्या दिवशीच चौकशी करा.

आत फोटो काढता येत नाही, आणि ते बरंच आहे. मधल्या मजल्यावर एक दालन आहे, तिथे खडकातच खांब, तुळया आणि वर निमुळतं होत जाणारं छत कोरलंय, म्हणजे जमिनीवरच्या मंदिराची हुबेहूब आतून नक्कल. वेरूळला कैलास पाहताना जो प्रश्न पडतो, की बांधकामाची भाषा खडकात का कोरली, तोच इथे पडतो.

तिकीट अजिबातच नाही मिळालं तर पुरातत्त्व संग्रहालयात निजलेल्या बाईची मूर्ती तरी पाहाच. ती याच हायपोजियममधली. जेमतेम १२ सेंटीमीटर, तळहातावर मावेल एवढी. एका कुशीवर, हात डोक्याखाली, आणि खालची बाज तिच्या वजनाने किंचित वाकलेली.

७. म्नायद्राला सूर्योदयाचा सोहळा असतो म्हणतात. कधी?

मार्च आणि सप्टेंबरातल्या विषुवदिनी उगवत्या सूर्याचा किरण दक्षिण मंदिराच्या मुख्य दारातून सरळ आत शिरतो. २१ जून आणि २१ डिसेंबरच्या सुमारास तोच प्रकाश दाराच्या आतल्या दोन उभ्या दगडांच्या कडांवर पडतो, एकदा या बाजूच्या, एकदा त्या. एरवी मंदिर सूर्योदयानंतर उघडतं, म्हणून या दिवसांसाठी खास भेट ठेवतात आणि जागा मोजक्याच असतात.

ढग आले तर काही दिसत नाही. मला एकदा डिसेंबरात असंच झालं. पण पहाटेच्या अंधारात खाली समुद्राचा आवाज, समोर फिल्फ्ला नावाचा छोटा खडकाळ बेट-तुकडा आणि भोवती गप्प उभी राहिलेली माणसं, एवढ्यासाठीही मी पुन्हा जाईन, आणि गेलेही.

८. नाइट म्हणजे नेमके कोण? आणि व्हॅलेटा एका दिवसात होतं का?

सेंट जॉनचे नाइट हे जेरुसलेमला यात्रेकरूंच्या सेवेसाठी निघालेले लढवय्ये धर्मबंधू. ऱ्होड्स बेटावरून ऑटोमन तुर्कांनी हुसकावल्यावर १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने त्यांना माल्टा दिलं. खंड काय, तर वर्षाला एक ससाणा.

१५६५ हे साल लक्षात ठेवा. आपल्याकडे जानेवारीत तालिकोटची लढाई झाली, त्याच वर्षी मे महिन्यात तुर्की आरमार माल्टासमोर आलं. सेंट एल्मोचा लहानसा किल्ला महिनाभर झुंजून २३ जूनला पडला, पण त्या महिन्याने बाकीच्यांना वेळ दिला आणि ८ सप्टेंबरला वेढा उठला. पुढच्याच वर्षी, २८ मार्च १५६६ ला, नाइटांचा प्रमुख, ग्रँडमास्टर ला व्हॅलेत याने नव्या शहराचा पाया घातला. ते व्हॅलेटा. आराखडा फ्रान्चेस्को लापारेल्लीचा, बऱ्याच मोठ्या इमारती जिरोलामो कासारच्या.

शहर एक चौरस किलोमीटरहून लहान आहे, पण एका दिवसात पाहू नका. गडकिल्ले फिरणाऱ्यांनी तर दोन दिवस ठेवाच. बुरूज, खंदक, माची, चोरवाट, सगळं ओळखीचं वाटेल, आणि तोफांच्या काळासाठी तट कसा कोनात वळवला हे इथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचित कुठे दिसतं. दुपारी बारा आणि चार वाजता अप्पर बराक्का बागेखालच्या तोफखान्यातून तोफ डागतात. हिवाळ्यात कठड्याशी जागा सहज मिळते. पलीकडचं बिर्गू विसरू नका. व्हॅलेटा बांधण्याआधी नाइट तिथे राहत, आणि इन्क्विझिटरचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायाधीशाचा, वाडा तिथेच आहे.

९. कॅराव्हाज्जोचं चित्र पाहायला वेगळा वेळ काढावा का?

हो. व्हॅलेटातल्या सेंट जॉन्स को-कॅथेड्रल या चर्चच्या प्रार्थनाकक्षात कॅराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराचं 'सेंट जॉनचा शिरच्छेद' हे १६०८ चं चित्र आहे, पाच मीटरहून रुंद. निम्म्याहून जास्त जागा नुसती काळोखी भिंत. खाली मानेतून रक्त वाहतंय आणि त्या रक्ताच्या ओघळातच चित्रकाराने नाव लिहिलंय. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र. रोममध्ये खून करून पळालेला हा माणूस इथे नाइट झाला, काही महिन्यांत पुन्हा मारामारीत अडकला, सेंट अँजेलो किल्ल्यातल्या कैदेतून निसटला. मग त्याला पंथातून काढून टाकण्याचा विधी झाला तो याच कक्षात, त्याच्याच चित्रासमोर.

चर्च रविवारी पर्यटकांना बंद असतं. जमिनीवर नाइटांच्या जवळपास ४०० रंगीत संगमरवरी समाध्या आहेत, म्हणून टोकदार टाचांचे बूट चालत नाहीत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

१०. माल्टी भाषा ऐकून अरबीसारखी का वाटते?

कारण ती अरबीच्याच कुळातली आहे. अरबांनी ८७० मध्ये बेट जिंकलं, त्यांच्या बोलीत पुढे सिसिलियन, इटालियन आणि इंग्रजी मिसळत गेली. लिपी मात्र रोमन. चर्चमध्ये देवाला 'अल्ला' म्हणतात आणि ईस्टरआधीच्या उपवासाला 'रंदान', जे रमजानशी नातं सांगतं.

मराठी कानाला यात ओळखीचं पुष्कळ सापडतं. 'सेना' म्हणजे वर्ष, आपलं सन. 'दिन्या' म्हणजे दुनिया, 'क्तीब' म्हणजे किताब. दर दुसऱ्या वाक्यात 'मेला' ऐकू येईल. दचकू नका, ते आपल्या 'मग' किंवा 'तर काय' यासारखं आहे. आणि 'श्लोक' म्हणजे आग्नेयेकडून येणारा वारा. मार्साश्लोक या मासेमारीच्या गावाच्या नावात तोच आहे. तिथल्या रंगीत लुत्झू होड्यांच्या नाळेवर दोन डोळे रंगवलेले असतात. रविवारी बाजार भरतो, सकाळी लवकर जा.

११. हिवाळ्यात सण-उत्सव काही असतात का?

गावोगावचे मोठे जत्रेसारखे उत्सव, ज्यांना फेस्ता म्हणतात, ते उन्हाळ्यातले. पण हिवाळ्यातलं जे आहे ते घरगुती आहे, आणि मला तेच जास्त आवडतं.

नाताळात घराघरांत येशूजन्माचा देखावा मांडतात. त्याच्याभोवती 'जुलबीना' ठेवतात. महिनाभर आधी उथळ ताटल्यांत कापसावर बी पसरायचं, कपाटात अंधारात ठेवायचं, थोडं थोडं पाणी शिंपडायचं. उजेड न मिळाल्याने कोंब पांढरेफटक, केसांसारखे लांब वाढतात, आणि मग ती ताटली बाळ येशूच्या बाजूला मांडायची. माझ्या घरमालकीणबाईंनी कपाटाचं दार किलकिलं करून मला ते दाखवलं तेव्हा मी त्यांना आपली घटस्थापना सांगितली, परडीतली माती, नऊ दिवसांचे पिवळे कोंब. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला बियांची पुडी दिली.

नाताळच्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेत प्रवचन एखादं लहान मूल करतं, पाठ करून, हातवाऱ्यांसह. शब्द कळले नाहीत तरी जा. नंतर चेस्टनट आणि कोकोचं गरम 'इम्बुल्युता' मिळतं.

१० फेब्रुवारीला व्हॅलेटात सेंट पॉल या ख्रिस्ती धर्मप्रसारकाची मिरवणूक. इ. स. ६० च्या सुमारास त्याचं जहाज इथे फुटलं असं मानतात. सज्जांतून कागदाचे कपटे इतके उधळतात की रस्ता पांढरा होतो. उपवासाआधीचे पाच दिवस कार्निव्हल: व्हॅलेटात चित्ररथ, तर गोझोच्या नादुर गावात कोणी आयोजक नसलेला, चेहरे झाकून फिरणारा रात्रीचा उत्सव. ईस्टरबरोबर याची तारीख सरकते, तिकीट काढण्याआधी बघा.

१२. आम्ही शाकाहारी आहोत. निभेल का?

निभेल, पण विचारून खा. पस्तीत्सी हा तिथला वडापाव समजा: गरम, स्वस्त, कोपऱ्याकोपऱ्यावर. आत मटार किंवा रिकोटा चीज. मात्र पापुद्रे सुटावेत म्हणून पिठात कधी कधी डुकराची चरबी असते, म्हणून कडक शाकाहारींनी दुकानात विचारल्याशिवाय घेऊ नये. बिगिल्ला (वालासारख्या दाण्यांचं लसूण घातलेलं वाटण), वांगी-टोमॅटोची कापुनाता, भाज्यांचं 'विधवेचं सूप' आणि जाड सालीचा पाव यांवर आठवडा मजेत जातो. फ्तीरा पावात ट्यूना मासा गृहीत असतो, "ट्यूना नको" हे आधी सांगा. गोडात इम्कारेत, खजूर भरून तळलेले चौकोन.

मासे खाणाऱ्यांसाठी लाम्पुकीचा हंगाम डिसेंबरापर्यंत असतो.

१३. आईवडील सत्तरीचे आहेत. त्यांना झेपेल का?

हवा झेपेल, चढ आणि दगड सांभाळावे लागतील. व्हॅलेटाच्या उभ्या गल्ल्यांतल्या पायऱ्या शतकानुशतकं झिजून गुळगुळीत झाल्यात आणि पावसात साबणासारख्या निसरड्या होतात. बंदरावरून वर यायला अप्पर बराक्काची ५८ मीटरची लिफ्ट वापरा. एम्दीना ही जुनी राजधानी सपाट आणि शांत आहे, मोटारीही फारशा नाहीत. तिथे संध्याकाळी दिवे लागल्यावर न्या. म्नायद्राकडे परतताना चढ आहे, हाजर ईमवर थांबले तरी पुरे.

१४. सुट्ट्यांना सगळं बंद असतं का?

सरकारी वारसास्थळं २४, २५ आणि ३१ डिसेंबर, १ जानेवारी आणि गुड फ्रायडेला साधारणपणे बंद असतात. नाताळ ते नवं वर्ष एवढाच आठवडा ठेवला असेल तर त्यातले चार दिवस गेलेच म्हणून समजा. ८ आणि १३ डिसेंबरलाही सार्वजनिक सुट्टी असते, तेव्हा त्या दिवसांची वेळ आधी तपासा. चर्चचं वेगळं, प्रश्न ९ पाहा.

१५. भारताशी माल्टाचा काही संबंध आहे का?

आहे, आणि मुंबईशी थेट. १८७८ मध्ये रशिया-तुर्कस्तान प्रकरणात ब्रिटनने भारतातून हजारो सैनिक माल्टाला आणले. ते मुंबईहून निघाले, सुएझमार्गे. त्यांत बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या, बॉम्बे सॅपर्स (लष्करी अभियंते) होते, ज्यांचं केंद्र आज खडकीला आहे. पहिल्या महायुद्धात इथे जखमींची मोठी रुग्णालयं होती. त्या काळात वारलेल्या आणि लाझारेटो दफनभूमीत दहन झालेल्या भारतीयांचं स्मारक पिएता इथल्या लष्करी दफनभूमीत आहे. तिथे फारसं कोणी जात नाही. तुम्ही जा.

सिंधी व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे आले आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या अस्खलित माल्टी बोलतात. २०२१ च्या जनगणनेत परदेशी नागरिकांमध्ये इटालियन आणि ब्रिटिशांनंतर भारतीयच होते. बसचालकापासून परिचारिकेपर्यंत कोणी ना कोणी भेटतंच.

१६. इटलीचा एकदाच प्रवेश देणारा व्हिसा आहे. सिसिलीहून बोटीने माल्टाला जाऊन परत येता येईल?

येईल. दोन्ही देश शेंगेनमध्ये असल्याने तो एकच प्रवेश धरला जातो. सिसिलीतल्या पोत्सालोहून व्हॅलेटाला वेगवान बोट पावणेदोन तासांच्या आसपास घेते. पण मधे ट्युनिशिया किंवा इंग्लंडला जाऊन परत यायचं असेल तर नाही, तेव्हा एकाहून जास्त प्रवेशांचा व्हिसाच लागेल. आणि ही बोट वाऱ्यावर अवलंबून असते, खालचा प्रश्न वाचा.

१७. गोझोला गेलो आणि वादळामुळे फेरी बंद पडली तर?

गोझोला जाच. १५५१ मध्ये चाच्यांनी जवळजवळ सगळी लोकसंख्या गुलाम म्हणून उचलून नेली. त्यानंतर कित्येक वर्षं, १६३७ पर्यंत, रात्री बालेकिल्ल्यात येऊन झोपण्याचा नियम होता. त्या तटावरून फिरताना हे डोक्यात असलं की गोझो वेगळं दिसतं. समुद्रातली प्रसिद्ध दगडी कमान, 'अझूर विंडो', मात्र शोधू नका. ८ मार्च २०१७ च्या वादळात ती कोसळली.

मुख्य बेटाच्या उत्तर टोकावरच्या चिर्केव्वाहून सुटणारी मोठी फेरी २५ मिनिटांची, पैसे परतताना घेतात. ती सहसा चालू राहते. व्हॅलेटाहून थेट जाणारी वेगवान बोट मात्र लाटा वाढल्या की आधी बंद होते, तेव्हा बसने चिर्केव्वा गाठायचं. ग्रिगाल, म्हणजे ईशान्येचा वारा, जोरात असेल तर दोन्ही अडू शकतात. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी गोझो ठेवू नका, सहलीच्या मध्यात ठेवा. आणि एका दिवसासाठी जात असलात तरी रोजची औषधं, चार्जर आणि एक जास्तीचा गरम कपडा पिशवीत असू द्या.